वीस मिनिटांत बरा झालेला हात: मानेतल्या अरुंद नसेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन लेथ आणि एक मिलिंग मशिन असलेलं वर्कशॉप, आणि पन्हाळ्याच्या वाटेवर अडीच एकर ऊस. दोन्हींचे मालक वय वर्षं ६४. घरात, गल्लीत सगळे त्यांना आप्पा म्हणतात, इथंही तेच वापरतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. मी त्यांचा फॅमिली डॉक्टर, गेली अठरा वर्षं. त्यामुळे या प्रकरणातली पहिली चूक माझीच आहे. ती झाकून ठेवायची तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

आप्पांना बीपी नऊ वर्षांपासून, साखर सहा वर्षांपासून. गोळ्या घेण्याची पद्धत आपल्याकडची नेहमीची: डोकं दुखलं की बीपीची गोळी, जेवणावळ झाली की साखरेची. तंबाखू मात्र कधी चुकली नाही. निपाणीची, चुना लावून, दिवसातनं आठ-दहा वेळा मळलेली. शिवाय तरुणपणी वीसेक वर्षं विडी. कोलेस्टेरॉल तीन वर्षांपूर्वी एकदाच तपासलं होतं, त्यातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, १४८ आलं. मी गोळी लिहून दिली. त्यांनी महिनाभर घेतली आणि पाय दुखतात म्हणून सोडली. मीही पुन्हा विषय काढला नाही.

मी सोडून दिलेली खूण

दिवाळीच्या आधी आप्पा गुडघ्यासाठी आले होते. औषध घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि मागं वळून म्हणाले, "डॉक्टर, परवा डाव्या डोळ्यापुढं पडदा आला बघा. वरनं खाली, शटर ओढल्यागत. चार-पाच मिनिटांत गेला परत."

बाहेर बाकावर अकरा पेशंट बसले होते. मी म्हणालो, "साखर वर गेली असेल, डोळे दाखवून घ्या एकदा." त्यांनी चष्म्याच्या दुकानात मशिनवर डोळे दाखवले. मोतीबिंदूची सुरुवात आहे, एवढं कळलं आणि विषय मिटला.

मोतीबिंदू पाच मिनिटांत येऊन पाच मिनिटांत जात नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. डोळ्याच्या पडद्याला रक्त देणारी फांदी मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या धमनीतूनच, म्हणजे आतल्या कॅरोटिडमधूनच निघते. एकाच डोळ्यावर पडदा येऊन सरकणं म्हणजे बहुतेक वेळा त्या बाजूच्या मानेतून काहीतरी बारीक सुटून वर गेलं आणि पुढं विरघळलं. आप्पांनी पेशंटला सांगता येईल तितकं नेमकं वर्णन केलं होतं. ऐकणारा घाईत होता.

शनिवारची संध्याकाळ

त्यानंतर पाच आठवड्यांनी, शनिवारी साडेपाचच्या सुमारास, आप्पा लेथवरून उतरलेल्या शाफ्टचं माप घेत होते. उजव्या हातातला व्हर्नियर खाली पडला. उचलला, परत पडला. त्यांच्या पोरानं लेथ बंद केली तर आप्पा त्याच्याकडे बघून काहीतरी बोलले, पण त्यातला एकही शब्द लागेना. "व्हर्नियर म्हणायचं होतं त्यांना," पोरगा नंतर म्हणाला, "पण तोंडातनं 'वरणी, वरणी' असलं कायतरी येत होतं. आणि स्वतःलाच राग येत होता."

पोरानं त्यांना खुर्चीत बसवलं, लिंबूपाणी पाजलं. (बोलता येत नसलेल्या माणसाला पाणी पाजू नये. ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. इथं निभावलं.) वीस मिनिटांत हात उचलला, बोलणं सुधारलं. माझ्याकडे पोचेपर्यंत पावणेसात झाले आणि आप्पा स्वतःच्या पायांनी जिना चढून आले.

तपासलं तर दोन्ही हातांत ताकद सारखी, बोलणं साफ, चेहरा सरळ. बोटाला टोचून साखर बघितली, १६२. म्हणजे साखर उतरल्यामुळे झालेला प्रकार नव्हता. ईसीजीत ठोके नियमित. बीपी १७८/९६.

पोराचं म्हणणं स्पष्ट होतं: "बीपीनं चक्कर आलीय डॉक्टर. जिभंखाली गोळी ठेवा, एक सलाईन लावा आणि सोडा. उद्या उसाला टोळी येणार हाय, आप्पा रानात नसले तर जमायचं न्हाई."

ज्यांना ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो. तोडणीच्या टोळीची पाळी एकदा हुकली की पुन्हा कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि उभा ऊस वजन सोडत राहतो. त्यामुळे ती सबब नव्हती, खरोखरची अडचण होती.

इथं दोन गोष्टी ठरवायच्या होत्या.

पहिली, जिभेखालची गोळी. ती मी दिली नाही. अशा वेळी वाढलेला बीपी बघून सगळ्यांचाच जीव घाबरतो, आणि तो धाडकन खाली आणला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण मेंदूकडे जाणारी नस आधीच अरुंद असेल तर पलीकडच्या भागाला तो वाढलेला दाबच तगवून धरत असतो. तो एकदम काढून घेतला तर गेलेला झटका परत येऊ शकतो, आणि या वेळी जायचा नाही.

दुसरी, घरी सोडायचं की आजच्या आज दाखल करायचं. अशा येऊन गेलेल्या झटक्याला आम्ही टीआयए म्हणतो आणि धोक्याचा अंदाज घ्यायला एबीसीडी-टू नावाचं गुणांकन वापरतो. वय साठच्या वर, एक. बीपी वाढलेला, एक. एका बाजूची ताकद गेली, दोन. दहा मिनिटांपेक्षा जास्त पण तासाच्या आत, एक. मधुमेह, एक. सातापैकी सहा. सन २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या १,७०७ टीआयए रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या साडेदहा टक्के लोकांना तीन महिन्यांत पक्का स्ट्रोक झाला, आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांत. आता उपचार सुधारलेत, आकडा उतरलाय, पण पहिल्या दोन दिवसांचा धोका अजूनही सगळ्यात मोठा आहे. म्हणजे टोळी येणार तो रविवार नेमका त्यातलाच.

आप्पा म्हणाले, "आता काय झालंय मला? स्टूल उचलून दाखवू काय?"

मी म्हणालो, "आप्पा, हात बरा झाला म्हणूनच आज जायचं. हात गेल्यावर जाऊन काय करणार?"

टोळीचं पुतण्यावर सोपवून ते सव्वाआठला हॉस्पिटलात पोचले.

चिठ्ठीतला एक शब्द

मी दिलेल्या चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत घरच्यांचाच शब्द उतरला होता: 'चक्कर, बीपी वाढलेला.' 'टीआयए असण्याची शक्यता' हे तिसऱ्या ओळीत, खाली, कोपऱ्यात. तिथल्या ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरनं पहिली ओळ वाचली. सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नाही हे कळलं. मग चक्करेचं इंजेक्शन आणि 'एमआरआय सोमवारी'.

आपल्याकडे 'चक्कर' या शब्दात काय काय मावतं! भोवळ आली तरी चक्कर, अशक्तपणा आला तरी चक्कर, पाय लटपटले तरी चक्कर, आणि अंगावरनं वारं जाता जाता राहिलं तरी चक्करच. आप्पांना एकदाही गरगरलं नव्हतं. मी 'उजवा हात आणि वाचा वीस मिनिटं गेली, पाच आठवड्यांपूर्वी डावा डोळा' एवढं लिहिलं असतं तर वाचणारा त्याच रात्री मानेकडे गेला असता.

रविवारी सकाळी मी गेलो, स्टेथोस्कोप जबड्याच्या कोपऱ्याखाली मानेवर ठेवला. डाव्या बाजूला अरुंद फटीतून वारं यावं तसा सू-सू आवाज. अठरा वर्षांत मी त्यांच्या मानेला स्टेथोस्कोप लावला नव्हता. (आवाज नाही म्हणून नस मोकळी असंही नाही. फारच अरुंद झाली की आवाज बंदही पडतो.) त्यानंतर तिथल्या वरिष्ठांशी बोलणं झालं, न्यूरोलॉजिस्ट आले आणि चाकं फिरली. पण मधले चौदा तास गेले ते गेलेच.

तपासणीत काय दिसलं

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात तीन बारीक पांढरे ठिपके. म्हणजे हात बरा झाला असला तरी मेंदूचे तीन कण मेले होते. आजच्या व्याख्येनं हा टीआयए नव्हे, छोटा स्ट्रोकच. जुनी व्याख्या घड्याळावर होती, चोवीस तासांत बरं झालं तर टीआयए. आता बघतात ते मेंदूचा भाग मेला की वाचला एवढंच.

मानेच्या डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीत, डाव्या आतल्या कॅरोटिडमध्ये रक्ताचा वेग सेकंदाला ३४० सेंटिमीटर निघाला. २३० च्या वर गेला की सत्तर टक्के किंवा जास्त अरुंद धरतात. सोमवारच्या सीटी अँजिओग्राफीत (रंगद्रव्य टोचून काढलेला नसांचा सीटी) आकडा आला ८० टक्के. उजवीकडे ४०. डोक्यातल्या नसा बऱ्यापैकी. त्या बघणं आपल्याकडे गरजेचंच असतं, कारण आशियाई लोकांत कवटीच्या आतल्या नसा अरुंद होण्याचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आहे आणि नुसत्या मानेच्या डॉपलरमध्ये त्या दिसत नाहीत. हृदयाची सोनोग्राफी साफ, दोन दिवसांच्या मॉनिटरवर ठोके कुठंही अनियमित नाहीत.

डावा डोळा, उजवा हात, वाचा. तिन्ही दोऱ्या एकाच ठिकाणी बांधलेल्या होत्या: मानेच्या डाव्या बाजूला, जिथं कॅरोटिडचे दोन फाटे होतात तिथं. डोळा त्याच बाजूचा जातो, हात उलट बाजूचा, आणि बहुतेकांची वाचा डाव्या मेंदूत असते.

अरुंद नस स्ट्रोक कसा घडवते

आप्पांच्या पोराचा प्रश्न रास्त होता: "ऐंशी टक्के बंद आहे, म्हणजे मेंदूला वीसच टक्के रक्त जातंय. मग आप्पा चालतात कसे?"

तसं ते नसतं. एक तर एवढी अरुंद होईपर्यंत प्रवाहात फारसा फरक पडत नाही, आणि दुसरं, मेंदूच्या तळाशी नसांचं एक कडं असतं. एका बाजूनं कमी आलं तर दुसऱ्या बाजूचं रक्त तिथून वळतं. काही जणांचं कडं अपुरं असतं, त्यांना कमी प्रवाहाचा फटका बसतो. पण मानेतल्या नसेमुळे होणारे बहुतेक स्ट्रोक रक्त कमी पडून होत नाहीत. तिथून काहीतरी सुटून वर जातं म्हणून होतात.

मी समजावण्याआधी आप्पाच बोलले, रानातल्या भाषेत. "म्हणजे ठिबकागत. मेन पाइप तुंबत नाही, त्यातनं खपली सुटती आणि पुढच्या ड्रिपरला जाऊन बसती. अख्खा पाइप चालू, एक सरी वाळलेली." एमआरआयमधले तीन ठिपके म्हणजे वाळलेल्या तीन सऱ्या.

ती खपली नेमकी फाट्यावरच का धरते? पंचगंगेच्या वळणावर जिथं पाणी संथ होऊन उलटं फिरतं तिथं गाळ बसतो, तसंच. कॅरोटिड जिथं दुभागते तिथं बाहेरच्या भिंतीलगत रक्ताचा प्रवाह मंदावतो, मागं-पुढं हेलकावतो. बीपी, साखर आणि तंबाखूनं आधीच खरवडलेल्या अस्तरात तिथं कोलेस्टेरॉल शिरतं, सूज धरतं, वर्षानुवर्षं थर वाढतो. त्याला प्लाक म्हणतात. एक दिवस त्याचं वरचं पापुद्रं फाटतं, शरीराला ती जखम वाटते, तिथं रक्ताची गुठळी धरते आणि तिचे तुकडे सुटायला लागतात. फाटलेली जागा पहिले काही दिवस सगळ्यात चिघळलेली असते, म्हणून पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे.

अर्थात प्रत्येक स्ट्रोकचं मूळ मानेत नसतं. हृदयाचे ठोके अनियमित होऊन तिथून गुठळी सुटते, बीपीनं मेंदूतल्या केसासारख्या नसा बंद पडतात, काहींची नस फुटते. म्हणून 'लकवा झाला' एवढ्यावर थांबता येत नाही. गुठळी कुठून आली हे शोधल्याशिवाय दुसरा झटका अडवता येत नाही.

पर्याय

रविवारीच गुठळी धरू न देणारी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही सुरू झालं, कोलेस्टेरॉलची ॲटोरवास्टॅटिन पूर्ण मात्रेत. त्याबद्दल वाद नव्हता. वाद पुढचा होता.

पहिला पर्याय, नुसत्या गोळ्या. घरात बहुमत याला होतं. दुसरा, मानेवर छेद घेऊन नस उघडून प्लाक काढणं, म्हणजे एंडार्टरेक्टमी. तिसरा, मांडीतून तार घालून स्टेंट बसवणं. चौथा पर्याय पुण्याच्या जावयांनी मोबाइलवर पाठवला: लिंबू, आलं, लसूण आणि सफरचंदाचा व्हिनेगर आटवून. तीन चमचे घेतले की नसा साफ. काढा घ्यायला हरकत नव्हती. पण तो पिऊन शस्त्रक्रिया पुढं ढकलायचा विचार चालला होता, त्याला माझी हरकत होती.

आकडे मी कागदावर मांडले. उत्तर अमेरिकेत झालेल्या नासेट नावाच्या अभ्यासाचे निकाल १९९१ साली आले. लक्षणं दिलेली आणि ७० ते ९९ टक्के अरुंद नस असलेल्या लोकांत नुसत्या औषधांवर दोन वर्षांत २६ टक्क्यांना त्या बाजूचा स्ट्रोक झाला, शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ टक्क्यांना. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती, त्यामुळे हा फरक आज एवढा रुंद नसेल, हेही मी सांगितलं. ५० टक्क्यांच्या खाली मात्र शस्त्रक्रियेचा फायदाच दिसला नाही.

आणि वेळ. २००४ साली जुन्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली तेव्हा दिसलं की झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केली तर पाच जणांमागे एकाचा स्ट्रोक टळतो. बारा आठवड्यांनंतर केली तर एकाचा टाळायला १२५ जणांना कापावं लागतं. शस्त्रक्रिया तीच, सर्जन तोच, फक्त तारीख वेगळी.

स्टेंट की छेद? २०१० च्या क्रेस्ट अभ्यासात दोन्हींचा एकूण हिशेब जवळपास सारखा निघाला. पण स्टेंटमध्ये प्रक्रियेच्या आसपासचे स्ट्रोक जास्त, शस्त्रक्रियेत हार्ट अटॅक जास्त, आणि वय सत्तरच्या पुढं गेलं की छेदाचं पारडं जड. आप्पांचं हृदय ठीक होतं. शिवाय फाट्यावर कॅल्शियम भरपूर होतं, त्यातून तार घालायला न्यूरोलॉजिस्ट राजी नव्हते.

खरं भांडण लागलं ते 'कुठं' यावर. एकीकडे मोठं नाव, पण तारीख तीन आठवड्यांनंतरची. दुसरीकडे महिन्याला तीन-चार अशा शस्त्रक्रिया करणारे सर्जन, तारीख पुढच्या मंगळवारची. मंगळवार ते गुरुवार तीन दिवस फोन फिरत राहिले. मी पोराला एकच प्रश्न विचारायला लावला: "तुमच्या हातून झालेल्या शंभरात कितींना ऑपरेशनमुळेच स्ट्रोक होतो किंवा जीव जातो?" लक्षणं दिलेल्या रुग्णांत हा आकडा सहाच्या आत असावा, अशी जगभरची अपेक्षा आहे. दुसऱ्या सर्जननी वहीतला हिशेब काढून दाखवला, तीनच्या आत. मोठ्या नावाकडून फोनवर उत्तर आलं, "काळजी करू नका."

आप्पांना मात्र यातल्या कशानंच पटलं नाही. पटलं ते मापानं. मी सांगितलं, "नस पाच मिलिमीटरची. त्यातलं एक मिलिमीटर उरलंय." त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून बघितलं. "पाचाच्या बोअरात एक? मग जॉब रिजेक्ट हाय की."

काय केलं

शनिवारपासून दहाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली. सीएनसी मशिनच्या ॲडव्हान्ससाठी ठेवलेली रक्कम त्यात गेली.

पूर्ण भूल दिली नाही, मान बधिर केली. नस चिमट्यानं बंद करून उघडायची, तेवढा वेळ मेंदूच्या त्या बाजूला दुसऱ्या वाटेनं रक्त पोचतंय का हे कळायला सगळ्यात चांगलं यंत्र म्हणजे जागा पेशंट. आप्पांच्या उजव्या हातात लहान मुलांचं रबरी खेळणं दिलं होतं, दाबलं की पीं करणारं. मधूनमधून भूलतज्ज्ञ म्हणायच्या, "आप्पा, दाबा." पीं. व्हर्नियर सुटला तोच हात. सत्तावीस मिनिटं नस बंद होती आणि खेळणं एकदाही चुकलं नाही. चुकलं असतं तर रक्तासाठी तात्पुरती नळी बसवायची तयारी होती.

बाहेर पोराला बाटलीत प्लाक दाखवला. करंगळीच्या पेरापेक्षा थोडा लांब, पिवळट, खरखरीत, एका जागी फुटलेला आणि तिथं तपकिरी गुठळी चिकटलेली. त्यानं बाटली उजेडात धरली आणि म्हणाला, "वेल्डिंगचा स्लॅगच की ह्यो."

परिणाम

पहिल्या रात्री बीपी १९० वर गेला, तो आयसीयूत सांभाळून उतरवला. नस अचानक मोकळी झाली की मेंदूवर रक्ताचा लोट येतो, म्हणून या वेळी मात्र बीपी वर ठेवून चालत नाही. शनिवारी जपायचा होता तोच दाब आता उतरवायचा होता, हे घरच्यांना समजावताना माझीच तारांबळ उडाली. आवाज पाच आठवडे बसला होता. कानाच्या पाळीखालची बधिरता अजून थोडी आहे, दाढी करताना तिथं ब्लेड लागलेलं कळत नाही म्हणतात.

वर्षभरात दुसरा झटका नाही. डॉपलरमध्ये डावी नस मोकळी, एलडीएल ६२, बीपी बहुतेक वेळा १३० च्या आसपास. तंबाखू सात महिने सुटली होती. मग दात ठणकतो म्हणून घरातली मशेरी लावायला लागले आणि तिथंच अडकलेत. यावर माझ्याकडे अजून तोड नाही.

आज असतो तर

डोळ्याचा पडदा ऐकला त्याच दिवशी मान बघितली असती. पाच आठवडे आधी, मेंदूत एकही ठिपका नसताना. पेशंट दारात, जाता जाता जे बोलतात ते आता मी त्यांना परत बसवून ऐकतो. साठीच्या पुढचा, तंबाखू खाणारा, बीपीचा पेशंट आला की स्टेथोस्कोप मानेवरही ठेवतो.

चिठ्ठीत आता आजाराचं नाव नंतर. आधी काय गेलं, कुठल्या बाजूचं, किती वाजता, किती मिनिटं.

डोक्याच्या सीटीबरोबरच मानेपासून वरपर्यंतची अँजिओग्राफी शनिवारीच मागता आली असती, दोन दिवस वाचले असते. रंगद्रव्याचा किडनीवर भार पडू शकतो आणि किडनीचा रिपोर्ट हातात नव्हता, म्हणून थांबलो. तो वर्षातून एकदा करून फाइलला लावलेला असायला हवा होता.

आणखी एक राहिलं. शनिवारी त्यांना हॉस्पिटलकडे पाठवताना वाटेत पुन्हा हात गेला तर काय, हे मी पोराला सांगितलंच नव्हतं. वेळ बघायची, १०८ ला फोन करायचा, सीटी असलेल्या ठिकाणीच न्यायचं, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. आता हे चार मुद्दे मी कागदावर छापून ठेवलेत.

गेल्या महिन्यात आप्पा आले होते. विचारत होते, "उजव्या बाजूचं चाळीस टक्के हाय ते कधी काढायचं? दोन्ही बेअरिंग एकदमच बदलतात की." त्या बाजूनं काही त्रास नाही आणि चाळीसला कुणी कापत नाही, गोळ्या आणि वर्षाला एक डॉपलर, एवढं समजावलं. "मग तोड संपली की येतो," म्हणाले. तोड मार्चात संपते. मी जानेवारीची तारीख लिहून दिली आणि पोराच्या मोबाइलवरही टाकली.